थांबासरांचा आवाज

भौतिकशास्त्र विभागात तेव्हा एक रीत होती. वर्गाचं मागचं दार आतून कधी लावायचं नाही. कुठल्याही शिक्षकाने कुणाच्याही तासाला न सांगता, न विचारता मागच्या दाराने आत यावं, शेवटच्या बाकावर बसावं आणि ऐकून झालं की गुपचूप निघून जावं. जुन्या मंडळींना त्याचं काही वाटायचं नाही. नव्या माणसाचा मात्र सगळा जीव त्या दाराच्या बिजागरीत अडकलेला असायचा. बिजागरी करकरली की फळ्यावरचा हात थबकायचा आणि मुलांना कळायचं, सरांची तंतरली.

आता ती दारं बदलली. नवी दारं आवाज न करता आपोआप लागतात, आणि दुसऱ्याचा तास ऐकत बसायला कुणाला सवडही नाही. पण ज्याची ही गोष्ट आहे तो माणूस, केस पांढरे झाले तरी, शिकवता शिकवता अजून त्या दाराकडे एक नजर टाकतो. काही सवयी सुटत नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्याला ही सोडायचीही नाही.

त्याला नोकरी लागली ती वर्षाच्या बोलीवर. वर्ष सरता सरता विभागप्रमुख बाई आणि आणखी दोघं त्याच्या एका तासाला बसणार, तास पसंत पडला तर कायम, नाहीतर नारळ. घरी तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. ताई एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसायची. भावाच्या शिक्षणापायी तिने स्वतःच्या पुष्कळ गोष्टी पुढे ढकलल्या होत्या. ते ती कधी बोलून दाखवत नसे आणि म्हणूनच त्याला जास्त टोचायचं. ही नोकरी टिकली की ताईला म्हणायचं, आता तू तुझं बघ. एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

शिकवायचं कसं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ते कुणालाच कुणी शिकवत नाही. वर्षानुवर्षं पुस्तकात डोकं घालून बसलेल्या माणसाला एक दिवस खडू देतात आणि म्हणतात, हं, करा सुरू. त्याच्याकडे शिदोरी होती ती एकच, थांबासरांची.

थांबासर त्याचेच गुरू. खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त दारावरच्या पाटीपुरतं. वर्गात प्रश्न विचारला की ते म्हणायचे, "थांबा. घाई नाही." मग चष्मा काढायचे, रुमालाने पुसायला लागायचे आणि खिडकीबाहेर बघत राहायचे. कुणीतरी तोंड उघडेपर्यंत पुसणं चालूच. काच झिजून जाईल पण सर स्वतः उत्तर सांगणार नाहीत, अशी त्यांची ख्याती. आवाज खोल, किंचित घोगरा, वाक्याच्या शेवटी अलगद खाली उतरणारा. तो आवाज ऐकत ऐकतच हा भौतिकशास्त्राच्या प्रेमात पडला होता. शिक्षक व्हायचं असं तो सगळ्यांना सांगायचा, पण मनातून त्याला थांबासर व्हायचं होतं.

आणि झाला की! पहिलाच तास. स्वतःच्या आवाजात एक वाक्य बोलून बघितलं तर ते दुसऱ्या बाकापर्यंतसुद्धा पोचेना. तेव्हा त्याने खोल श्वास घेतला आणि सरांच्या आवाजात सुरुवात केली. काय आश्चर्य, वर्ग चिडीचूप. त्याच्या जिवात जीव आला. मग काय, रोजचंच झालं. सरांचा आवाज, सरांची उदाहरणं, सरांचे विनोद, फळ्याच्या कोपऱ्यात तारखेखाली सर ओढायचे तशी तिरकी रेघसुद्धा. प्रश्न विचारून झाला की "थांबा, घाई नाही" म्हणत याचाही हात डोळ्यांकडे जायचा. याला चष्माच नव्हता. मग तो हात तसाच कपाळावरून फिरवून खाली आणायचा. आणि थांबायचा तरी कसला! मनातल्या मनात अंक म्हणायचा आणि अंक संपले की स्वतःच उत्तर देऊन मोकळा.

मुलं काही दुधखुळी नसतात. पहिल्या वर्षाच्या दोन तुकड्या होत्या. एक थांबासरांकडे, दुसरी याच्याकडे. सरांनी सकाळी सांगितलेला विनोद दुपारी याच्या वर्गात जसाच्या तसा यायचा. दोन्ही तुकड्यांची मुलं चहाच्या टपरीवर एकत्र बसत. महिना उलटायच्या आत नव्या सरांना नाव पडलं, कार्बन कॉपी, थोडक्यात कार्बन.

हे नाव त्याच्या कानावर आलं ते घर्षण शिकवताना. घर्षणाला थांबासरांची एक ठरलेली गोष्ट होती. "लग्नात माझ्या सासऱ्यांनी मला एक कपाट दिलं. लाकडी, अवजड, सासऱ्यांसारखंच हट्टी. मी ढकलतोय, हलायचं नाव नाही. सगळा जोर लावला तेव्हा कुठे हललं. आणि एकदा हललं म्हटल्यावर बायकोने नुसतं बोट लावलं, तर निघालं!" थांबलेली वस्तू हलवायला जास्त जोर लागतो आणि चालत्या वस्तूला कमी, हे त्या कपाटामुळे मुलं जन्मात विसरत नसत.

आपल्या नव्या सरांनी ती गोष्ट शब्दन् शब्द सांगितली. सासऱ्यांसकट.

मागून आवाज आला, "सर, अभिनंदन! लग्न कधी झालं?"

वर्ग फुटलाच. गेल्या वर्षी नापास होऊन पुन्हा बसलेली एक टोळी कोपऱ्यात होती. त्यांनी एका सुरात पुढचं म्हणून टाकलं, "बायकोने नुसतं बोट लावलं, तर निघालं!" कुणीतरी "कार्बन, कार्बन" असं बाक वाजवत सुरू केलं. त्याची भंबेरी उडाली. "म्हणजे माझे नाही, होणारे... म्हणजे समजा..." असं काहीबाही तो बोलत राहिला आणि प्रत्येक शब्दाला हशा वाढत गेला. त्याच गोंधळात त्याचं लक्ष मागे गेलं. शेवटच्या बाकावर थांबासर बसले होते. कधी आले कोण जाणे, आज बिजागरीसुद्धा ऐकू आली नव्हती. सगळ्या वर्गात न हसणारे ते एकटेच होते.

दुपारी सरांनी त्याला खोलीत बोलावलं. चहा मागवला. त्यांचा घसा बसला होता. पडसं असेल, असं त्याला वाटलं.

"माझ्या सासऱ्यांचं कपाट मला परत दे," सर म्हणाले.

"सर, मी... चुकलंच माझं."

"चोरी केलीस असं नाही म्हणत मी. मीही माझ्या सरांचं पुष्कळ उचललंय. पण ते कपाट मी खरंच ढकललंय रे, पाठ धरली होती माझी. म्हणून मुलांना ते दिसतं. तुझ्या हातात आलं की पुठ्ठ्याचं होतं. तुझं स्वतःचं काय आहे ते आण ना."

"माझं काही नाहीच, सर. जे आहे ते तुमचंच आहे."

त्याला वाटलं, सर खूष होतील. सरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. ते थांबले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. हा मान खाली घालून बसला. चहावर साय धरली. ज्या शांततेत भल्याभल्यांनी तोंड उघडलं होतं तिच्यात याची मात्र बोलती बंद झाली. शेवटी सरच उठले. "सापडलं की सांग," म्हणाले आणि तासाला निघून गेले.

तो बसलेला घसा काही उघडला नाही. तपासण्या झाल्या, शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सरांच्या पत्नीला, काकूंना, सांगितलं की माणूस वाचलाय, आवाज गेला. हा भेटायला गेला तेव्हा सर उशीला टेकून बसले होते, गळ्याला पट्टी, मांडीवर लहान मुलांची पाटी. त्याला बघून त्यांनी पाटीवर लिहिलं, "परत पहिलीत घातलंय मला!" आणि खांदे हलवून हसले. हसण्याचाही आवाज आला नाही. हा काकूंसमोर हसला, जिन्यापर्यंत कसाबसा आला आणि मग भिंतीला टेकून रडला.

त्यानंतर त्याच्याच्याने सरांचा आवाज काढवेना. वर्गात तोंड उघडायचा आणि तो आवाज ओठांवर आला की लाज वाटायची. जिवंत माणसाच्या अंगावरचा कोट आपण घालून फिरतोय असं वाटायचं. म्हणून त्याने सरांचं सगळं काढून टाकलं. कपाट गेलं, विनोद गेले, कपाळावरचा हातही गेला. उरलं काय, तर नुसती सूत्रं. तास निम्म्यातच संपायला लागला. उरलेला वेळ काढायचा कसा?

अशाच एका तासाला सांगण्यासारखं सगळं सांगून झालं होतं. घड्याळ काही पुढे सरकेना. मुलं तोंडाकडे बघतायत. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "आपण चालतो तेव्हा जमीन आपल्या पायाला कुठे ढकलते? पुढे की मागे? हात वर करा बघू."

निम्मे हात पुढेला आणि निम्मे मागेला.

हे त्याला अजिबात अपेक्षित नव्हतं. हाच धडा त्याने मागेच शिकवला होता. शेवटी समजलं का म्हणून विचारलं होतं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. खोटारडे! तो उत्तर सांगणार इतक्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी मागे वळून म्हणाली, "मागे कसं असेल रे? मग आपण पुढे जाऊच कसे?" मागचा म्हणाला, "घर्षण नेहमी उलट असतं, सरांनीच सांगितलंय." तिसरा म्हणाला, "सरांनी कपाटाचं सांगितलंय, पायाचं नाही." झालं, जुंपली. कुणी उठून पाय घासून दाखवायला लागलं, कुणी बाकावर चढलं. त्याने दोनदा "शांत व्हा" म्हटलं, कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग तो भिंतीला टेकून नुसता ऐकत राहिला. मुलांच्या डोक्यात काय चाललंय हे तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होता. काय एकेक अडाणी कल्पना आणि किती मजेदार! त्याला घरची आठवण झाली. तो आणि ताई लहानपणी असेच भांडायचे, चंद्र आपल्याबरोबर का चालतो यावरून. तो जे काही शिकला ते असं भांडूनच शिकला होता.

पुन्हा हात वर करायला लावले तेव्हा बहुतेक सगळे पुढेला होते. त्याने काहीच सांगितलं नव्हतं.

त्याच वेळी मागच्या दारातून विभागप्रमुख बाई डोकावल्या. "हा काय बाजार मांडलाय?" त्या म्हणाल्या. "शेजारी माझा तास चाललाय." आणि जाता जाता, "पुढच्या महिन्यात तुमच्या तासाला येणार आहोत आम्ही. लक्षात आहे ना?"

लक्षात कसं नसेल! रात्रंदिवस तेच होतं डोक्यात. बाईंना गोंगाट खपत नाही हे जगजाहीर होतं आणि थांबासरांचा तास म्हणजे त्यांच्या मते आदर्श. त्यात काकूंचा निरोप आला, की तुझ्या त्या तासाला हे येणार म्हणतायत. घराबाहेर पडायचं नाव काढत नव्हते, पण वर्ग ऐकायची फार ओढ आहे रे.

त्याने ठरवून टाकलं. सरांचाच तास सरांसारखाच घ्यायचा. बाई खूष, नोकरी पक्की आणि सरांना त्यांचा गेलेला आवाज एकदा परत ऐकायला मिळेल. त्यांना देण्यासारखं आपल्याकडे दुसरं आहे तरी काय?

संध्याकाळी स्वयंपाकघरात त्याने ताईसमोर तालीम केली. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती.

"कसं वाटलं?"

"छान. हुबेहूब," ताई म्हणाली. "पण मी तुझं ऐकायला बसले होते."

"ताई, नोकरीचा प्रश्न आहे गं."

"माझ्यासाठी करतोयस ना हे सगळं? मला ठाऊक आहे. मग माझं ऐक. माझ्या नावावर दुसऱ्याचा आवाज काढू नकोस." आणि उशीचा अभ्रा त्याच्या डोक्यावर टाकून ती आत गेली.

तासाच्या दिवशी बाई आणि दोघं परीक्षक उजव्या भिंतीशी बसले. थांबासर आले, गळ्याला मफलर, काखेत पाटी, आणि आपल्या नेहमीच्या शेवटच्या बाकावर बसले. शेजारी एक मुलगी होती. तिने उशिरा प्रवेश घेतला होता. हे म्हातारे गृहस्थ कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. ती जरा सरकून बसली एवढंच.

याने खोल श्वास घेतला. तोच खोल, घोगरा आवाज काढला. "आज आपण जगातल्या सगळ्यात हट्टी गोष्टीबद्दल बोलणार आहोत." वाक्याचा शेवट अलगद खाली उतरला. बाईंनी समाधानाने मान हलवली. याने मागे पाहिलं.

थांबासरांनी दोन्ही कानांत बोटं घातली होती.

रागाने नाही. लहान मूल घालतं तशी, डोळे घट्ट मिटून. पुढचं वाक्य तयार होतं, कपाटाचं. ते त्याने गिळलं. वर्ग बघतोय, बाई बघतायत आणि हा गप्प उभा. मनात अंक म्हणायचंही सुचलं नाही. सरांनी हळूच एक डोळा उघडला. मग हा बोलला, आपल्या स्वतःच्या, जरा पातळ आणि भरभर पळणाऱ्या आवाजात.

"आपण मागे एकदा भांडलो होतो, आठवतंय? आज जरा अवघड भांडूया. सायकल चालवतोय. मागच्या चाकाला जमीन कुठे ढकलते, आणि पुढच्या चाकाला कुठे? दोन्ही एकाच दिशेला म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

बरेच हात वर गेले. मागून एक सुरकुतलेला हातही वर गेला. थांबासरांचा.

अहो, चूक होतं ते! पॅडल मागच्या चाकाला फिरवतं म्हणून जमीन त्याला पुढे ढकलते, आणि पुढचं चाक नुसतं ओढलं जातं म्हणून त्याला मागे. हे ज्या माणसाने दोन पिढ्यांना शिकवलं तो माणूस बिनदिक्कत चुकीचा हात वर करून बसला होता. याने तो हात पाहिला आणि म्हणाला, "शेजाऱ्याला पटवा. पटेपर्यंत सोडायचं नाही."

आणि बाजार भरला. बाईंच्या कपाळावर आठ्या चढल्या. तो बाकांमधून फिरत, ऐकत मागे पोचला. ती मुलगी म्हाताऱ्यांवर तुटून पडली होती. "काका, असं कसं म्हणता तुम्ही? पुढच्या चाकाला पॅडल आहे का? नाही ना? मग त्याला फिरवतं कोण?" सरांनी पाटीवर लिहिलं, "नाही पटलं." ती वैतागली. तिने स्वतःची पाण्याची बाटली बाकावर आडवी ठेवली आणि ओढून दाखवली, मग फिरवून दाखवली, मग पुन्हा ओढली. तेवढ्यात बोलता बोलता ती स्वतःच अडली. "थांबा हं काका, थांबा," म्हणाली आणि बाटलीकडे बघत बसली. सर थांबले. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. बऱ्याच वेळाने ती ओरडलीच, "हां! कळलं! म्हणजे तुम्हाला सांगता सांगता मलाच आत्ता नीट कळलं!"

दुसऱ्यांदा हात वर करायला सांगितले तेव्हा थांबासरांनी हात खाली ठेवला. पाटीवर "पटलं" असं लिहून त्यांनी ती वर धरली. ती तिच्यासाठी होती की त्याच्यासाठी, हे त्याने कधी विचारलं नाही.

तास संपल्यावर बाई म्हणाल्या, "गोंगाट फार होता. माझं डोकं दुखतंय." मग निघता निघता, "पण ती मागची मुलगी माझ्या तासाला कधी तोंड उघडत नाही. कायमचा कागद पाठवते वर." घरी जाऊन त्याने ताईला सांगितलं तर ती आधी रडली आणि मग म्हणाली, चल, आता तरी लग्न कर आणि खरा सासरा आण. तिने स्वतःचंही पुढे छान केलं, पण ती वेगळी गोष्ट.

सर त्यानंतर बरीच वर्षं होते. अधूनमधून मागचं दार करकरायचं, ते येऊन बसायचे आणि दर वेळी न चुकता चुकीचा हात वर करायचे. नवनव्या मुलांनी त्यांना पटवता पटवता भौतिकशास्त्र शिकून घेतलं. ते दिवस आठवले की त्याला अजून भरून येतं. तेवढं सुख पुढे कुठल्या मानाने, कुठल्या बढतीने दिलं नाही.

मग एके वर्षी सर गेले.

काही दिवसांनी तो काकूंकडे गेला. घर शांत होतं. काकू इकडचं तिकडचं बोलल्या, मुलांची चौकशी केली आणि मग एकदम म्हणाल्या, "मला त्यांचा आवाज आठवेनासा झालाय रे."

त्याने भिंतीवरच्या सरांच्या फोटोकडे पाहिलं.

"चेहरा आहे फोटोत. अक्षर आहे. आवाज कुठेच नाही. तेव्हा कोण रेकॉर्ड करून ठेवत होतं? शेवटची वर्षं तर सगळी पाटीवरच गेली. लोक म्हणायचे, तू हुबेहूब काढायचास. मुलं तुला चिडवायची म्हणे त्यावरून." त्या जरा लाजल्या. "एकदा काढतोस? वर्गातलं नको. ते घरी आले की दारातूनच म्हणायचे, 'अगं, ऐकलंस का?' तेवढंच म्हण."

काकूंनी डोळे मिटून घेतले.

तो ताठ बसला. खोल श्वास घेतला, पूर्वी घ्यायचा तसा. "अगं, ऐकलंस का?"

आवाज पातळ आला, भरभर. त्याचाच. त्याने खाकरून पुन्हा म्हटलं, खाली उतरवून बघितलं, घोगरा करून बघितला. वर्षानुवर्षं वर्गात स्वतःच्या आवाजात बोलून घशाला दुसरा आवाज माहीतच उरला नव्हता.

काकूंनी डोळे उघडले. "नाही रे," त्या मायेने म्हणाल्या, "ते असं नव्हते म्हणत. हा तूच आहेस." त्यांनी त्याचा हात थोपटला आणि चहा टाकायला आत गेल्या.

तो एकटाच बसून राहिला. आत भांड्यांचा आवाज येत होता. काकूंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू तो ती तीन शब्दांची हाक पुन्हा पुन्हा मारून बघत होता, आणि दर वेळी त्या खोलीत त्याला फक्त तोच ऐकू येत होता.